ओलं जळण

तर्कशास्त्राचा विद्यार्थी आपल्याकडे सगळ्यात आधी डोंगराकडे बघायला शिकतो. डोंगरावर धूर दिसतोय, म्हणजे तिथे आग आहे. अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ मग याची उलटी बाजूही दाखवतो. आग आहे म्हणून धूर असेलच, असं मात्र नाही. लाल तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग असते, पण धूर नसतो. धूर निघायला जळण ओलं लागतं.

ही बारीक गोष्ट मला नीट समजली ती ओहायोत, आमच्या शेजारीबुवांच्या गराजमध्ये.

शेजारीबुवा पिस्तुलाच्या स्पर्धांत उतरतात आणि त्यासाठीची काडतुसं घरीच भरतात. अमेरिकेत हा कायदेशीर छंद आहे आणि बहुतेक निवृत्तीनंतर जडतो, कारण त्याला वेळ आणि चिकाटी दोन्ही लागतात. रेंजवर पडलेल्या पितळी पुंगळ्या वेचून आणायच्या, चकचकीत करायच्या, दारू पेटवणारा नवा प्राइमर बसवायचा, मोजून दारू घालायची, वर गोळी दाबायची. मोजमाप ग्रेनमध्ये, 7000 ग्रेनांचा एक पौंड. नऊ मिलिमीटरच्या काडतुसात दारू जाते साधारण चार ग्रेन, म्हणजे पाव ग्रॅमच्या आसपास. श्रीखंडात केशर टाकताना आमच्या घरी इतकी काटकसर होत नाही.

बरं, कमी दारू घालून भागत नाही. गोळीचं ग्रेनमधलं वजन गुणिले तिचा सेकंदाला फुटांमधला वेग, भागिले हजार. हे उत्तर 125 च्या खाली गेलं तर गुणच धरत नाहीत. मोठ्या सामन्यांत तुमचीच काडतुसं उचलून वेगमापकावर तपासतात. म्हणून शहाणी माणसं 130 च्या आगेमागे राहतात. हा हिशेब शेजारीबुवांना तोंडपाठ आहे. त्यांचं दुःख वेगळंच आहे. त्यांच्या पिस्तुलातून धूर फार येतो.

उघड्या मैदानावर वारा असला तर हा धूर कुणाच्या खिजगणतीत नसतो. पण सकाळची दमट, पडलेली हवा, वर पत्र्याचं छप्पर, समोरून ऊन, आणि घड्याळ चालू असताना धडाधड वीस-पंचवीस गोळ्या झाडायच्या; अशा वेळी पहिल्या चार बारांचा धूर पाचव्या लक्ष्यापुढे पडद्यासारखा टांगलेला राहतो. शेजारीबुवांची जी गोळी चुकते ती याच पडद्यामागे चुकते, असं त्यांचं म्हणणं. स्वच्छ वाऱ्याच्या दिवशीही काही गोळ्या चुकतात. त्यांची चर्चा होत नाही.

धूर दिसला की पहिला संशय दारूवर. शेजारीबुवांच्या फळीवर निरनिराळ्या दारूचे डबे उभे आहेत आणि प्रत्येकाला एकेका जाणकार मित्राची शिफारस आहे. वास्तविक या दारूचा जन्मच धुराला कंटाळून झाला. जुनी काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. जळाल्यावर तिचा निम्म्याहून अधिक भाग घन कण होऊन हवेत नाही तर नळीत राही. दोन्ही बाजूंनी तोफा सुरू झाल्या की थोड्याच वेळात सेनापतीला आपलंच सैन्य दिसेनासं होई. 1884 मध्ये पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनज्ञाने नायट्रोसेल्युलोजची दारू बनवली आणि धूर जवळपास संपला. ती नीट जळली तर उरतात मुख्यतः डोळ्यांना न दिसणारे वायू. म्हणजे अन्नंभट्टाचा तापलेला लोखंडी गोळाच.

मग ओलं जळण कुठलं? ते गोळीच्या अंगावर असतं. ओतीव शिशाची गोळी नळीत शिसं चोपडत जाऊ नये म्हणून तिच्या खाचेत वंगण भरतात. फार वर्षं नावाजलेलं मिश्रण म्हणजे निम्मं मधमाश्यांचं मेण आणि निम्मं अ‍ॅलॉक्स नावाचं वंगण. बार उडाला की ज्योत या मेणाला भाजते आणि समोर ढग उभा राहतो. गोळीचं बूड कडेने तासलेलं असेल तर वंगण तिथेही साचतं, अगदी ज्योतीच्या तोंडात. तांब्याचं कवच असलेल्या नेहमीच्या गोळीचंही बूड उघडंच असतं, त्यामुळे तिथलं शिसं थोडं धुरावतं. दारू अगदीच निर्दोष आहे असंही नाही. जिच्यात नायट्रोग्लिसरीन जास्त ती तापट जळते आणि मेणाला अधिक छळते. पण म्हणून पुस्तकातलं माप सोडून दारू कमीजास्त करून बघणं हा शुद्ध आगाऊपणा. धूर परवडला, बोटं पुन्हा उगवत नाहीत.

हे सगळं शेजारीबुवांना माहीत होतं. तरी त्यांनी डबे बदलले, कारण डबा बदलणं सोपं असतं. शेवटी मात्र ते लेप दिलेल्या गोळ्यांकडे वळले. यात मेण नाहीच. शिशावर रंगीत पॉलिमरचा पातळ थर. हौशी लोक तो घरीही देतात. प्लास्टिकच्या डब्यात गोळ्या आणि रंगाची पूड घालून खळखळ हलवायचं आणि ओव्हनमध्ये सुमारे 200 अंश सेल्सिअसला वीसेक मिनिटं भाजायचं. शेजारीणबाईंनी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून एका वाक्यात सांगितलं, की शिसं ज्या ओव्हनमध्ये जाईल त्यात त्यांचा केक पुन्हा भाजला जाणार नाही. या बाबतीत वैद्यकशास्त्रही पूर्णपणे त्यांच्या बाजूचं आहे. म्हणून गराजमध्ये जुनापाना छोटा ओव्हन आला आणि त्यातून लाल, हिरव्या, जांभळ्या गोळ्या निघू लागल्या. धूर खरंच उतरला. प्राइमरचा आणि दारूचा जो थोडा राहतो तेवढाच राहिला.

मी अभिनंदन करायला गेलो तर ओव्हन थंड होता आणि शेजारीबुवा रुंद कडांची टोपी घालून काळ्या दारूचा डबा उघडत होते. काउबॉय पद्धतीच्या नेमबाजीची एक संघटना 1987 पासून अमेरिकेत आहे. एकोणिसाव्या शतकातला वेश, जुन्या घाटाच्या बंदुका आणि प्रत्येकाला एक टोपणनाव, हा त्यांचा नेम. त्यात एक गट असा, की काळी दारू किंवा तिचा मान्य पर्यायच वापरायचा.

‘‘या गटात धूर कमी पडून चालत नाही,’’ शेजारीबुवा गंभीरपणे म्हणाले. मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, ‘‘तुला काय वाटतं, मेण जरा जास्त लावू का?’’