थंड डोक्याची गाडी

गाडी घेताना जालन्याचा माणूस एकच प्रश्न विचारतो, "एसी कसाय?" हीटरची चौकशी कुणी करत नाही. मे महिन्यात पारा 42च्या पुढे सरकतो तिथे ती करायची तरी कशाला? डॅशबोर्डावरचं निळं-लाल बटण आमच्याकडे जन्मभर निळ्यावरच असतं.

पण पौषातल्या पहाटे हाच पारा 10च्या आसपास उतरतो. अशाच एका चतुर्थीला आम्ही राजूरच्या गणपतीला निघालो. मागे आई, दोन शाली आणि एक कानटोपी. बायकोने बटण लाल टोकाला नेलं, पंखा सोडला आणि बाहेर होतं त्यापेक्षा गार वारं आत आलं.

"अहो, हा एसी लागलाय."

"एसी बंद आहे. हा हीटरच आहे."

"मग हीटर बंद करा, म्हणजे जरा गरम होईल."

ज्या गावच्या भट्ट्यांत 1600 अंशांवर लोखंड वितळवून सळया काढतात, त्या गावात मला चार माणसांपुरता ऊबदार वारा मिळेना.

निदान करणाऱ्यांची मात्र टंचाई नव्हती. मेव्हण्यांचा धंदा बियाण्यांचा, पण फोनवर त्यांनी छातीठोकपणे सांगितलं, "गॅस संपला असेल." शेजारच्या काकांच्या मते कॉइल जळाली होती. एसटीतून निवृत्त झालेल्या तिसऱ्या गृहस्थांनी तर प्रश्नच मोडीत काढला, "आमच्या गाडीला खिडकीची काच लागली तरी आम्ही त्यालाच हीटर म्हणायचो."

खरं म्हणजे हीटरमध्ये गॅसही नसतो आणि नेहमीच्या डिझेल-पेट्रोल गाडीत बहुतेकदा कॉइलही नसते. इंजिनाभोवती फिरून तापलेलं पाणी डॅशबोर्डामागच्या एका छोट्या रेडिएटरमधून जातं, पंखा त्याच्यावरून हवा ढकलतो आणि ती आपल्या पायांवर येते. इंजिनाची वाया जाणारी उष्णता फुकटात वापरायची, एवढंच. फुकट मिळणारी वस्तूही आपल्यापर्यंत पोचू नये, याला काय म्हणावं!

शेवटी पॉलिटेक्निकला शिकणारा भाचा आला. तो आधी हीटरकडे न बघता इंजिनाच्या तापमानाच्या काट्याकडे बघू लागला. "मामा, गाडी अर्धा तास चालली, काटा अजून खालीच कसा?" मला उलट त्या काट्याचा अभिमान होता. गाडी लई थंड चालते, असं चारचौघांत सांगायचो. त्याने बॉनेट उघडून हीटरकडे जाणारे दोन्ही पाइप जपून चाचपले. एक गरम आणि एक गार असता तर छोटा रेडिएटर चोंदला असं समजायचं. दोन्ही कडक गरम असते तर आतली झडप अडकलेली. आमचे दोन्ही कोमट. कूलंट भरलेलं होतं, म्हणजे पाणी कमी पडून हवा अडकण्याचाही संशय गेला.

"थर्मोस्टॅट उघडाच राहिला असणार," भाचा म्हणाला.

उघडा राहायला तो जागेवर असावा लागतो. गाडी नेहमीच्या मिस्तरींकडे नेली, तर ते शांतपणे म्हणाले, "तो वॉल तर मागल्या उन्हाळ्यातच काढून टाकला की भाऊ. गाडी गरम होऊ नये म्हणून. त्याचे पैसे पण नाही लावले तुम्हाला."

थर्मोस्टॅटच्या पोटात मेण असतं. इंजिनाचं पाणी 80-90 अंशांपर्यंत तापलं की ते वितळून फुगतं आणि मोठ्या रेडिएटरची वाट उघडतं. तोवर ती बंद. हा दारवानच काढला तर पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमध्ये जाऊन गार होत राहतं. थंडीत इंजिन तापत नाही, हीटर गारठतो, आणि थंड इंजिन डिझेलही जास्त पितं. बरं, उन्हाळ्यात गाडी तापते ती काही धडधाकट दारवानामुळे नव्हे. बोअरचं जड पाणी पाजून पाजून चोंदलेला रेडिएटर किंवा न फिरणारा पंखा हे बरेचदा खरे गुन्हेगार. नळाच्या पाण्याची आपण इतकी वाट बघतो, पिण्याआधी उकळतो, गाळतो; रेडिएटरला मात्र हाताला लागेल ते.

मिस्तरींनी फळीवरून एक तेलकट डबा काढला. आत थर्मोस्टॅटच थर्मोस्टॅट. निम्म्या जालन्याची ऊब त्या डब्यात साठवलेली होती. "यातला तुमचा कोणता, वळखा," म्हणाले. मी नवा घेतला. काटा आता मधोमध उभा राहतो आणि आई मागच्या सीटवरून म्हणते, "बंद कर रे ते, उकडतंय."

वाचकहो, या थंडीत एकदा काट्याकडे बघा. दहा-पंधरा किलोमीटर धावूनही तो तळालाच बसला असेल, तर गॅस भरू नका, मिस्तरींना डब्यात काय काय आहे ते विचारा. आणि कूलंट बघायला रेडिएटरचं झाकण उघडाल, ते इंजिन पूर्ण गार झाल्यावरच.