३६ तासांत नोकरीलायक: नवख्यांसाठी हमखास मार्गदर्शिका

चार वर्षांत कॉलेजला जमलं नाही ते दीड दिवसात उरकायचंय. घाबरू नका. २०१७पासून सरकारच 'स्मार्ट इंडिया हॅकेथॉन' भरवतंय; मंत्रालयं प्रश्न देतात आणि सॉफ्टवेअरवाले ते सलग ३६ तासांत सोडवतात. देशाचे प्रश्न सुटतात, मग तुमचं प्लेसमेंट कुठे अडतंय?

१. टीम जमवा. नियमाने सहा जण, त्यात किमान एक मुलगी. कोड एकच जण लिहितं, बहुधा हीच. तिच्यापुढे लॅपटॉप सरकवा आणि स्टेजवर बोलायला तुम्ही जा.

२. विषय शेतकऱ्याचा घ्या. शेतकऱ्याला विचारू नका, वेळ जातो. ॲपच्या नावात 'मित्र' हवाच. कांद्याचा भाव ब्लॉकचेनवर चढवला की पडत नाही, अशी परीक्षकांची समजूत असते. ती मोडू नका.

३. डेमो. बाकीचे मुद्दे गाळलेत तरी चालेल, हा नीट वाचा. लॉगिनचं बटण चाललंच पाहिजे, 'पासवर्ड विसरलात?' नुसतं रंगवा. ओटीपी कोडमध्येच १२३४ लिहून ठेवा, पण तो टाकण्याआधी मोबाइलकडे दोन सेकंद बघा, मेसेज आल्यासारखं. डेटाबेस जोडत बसू नका, दहा शेतकरी हातानेच टाइप करा. त्यातल्या एकाचं नाव 'एबीसी' राहिलेलं नाही ना, तेवढं बघा. वर व्हिडिओ काढून ठेवा. ॲप झोपलं की तो लावायचा आणि खापर वायफायवर फोडायचं. वायफाय उलटून बोलत नाही.

४. पहाटे तीनला मेंटॉर येऊन 'यूएसपी काय?' विचारेल. त्या बिचाऱ्यालाही झोपेतून उठवलेलं असतं. 'स्केलेबल आहे' म्हणा. जाईल.

५. टेस्ट लिहू नका. दुसऱ्याचा कोड वाचायला तर मुळीच जाऊ नका. नोकरीत रोज तेच करायचंय, आत्तापासून कशाला जीव जाळायचा?

६. सर्टिफिकेट लिंक्डइनवर टाका. टी-शर्ट डबल एक्सएलच उरला असेल. घ्या, झोपताना घालायला बरा.

७. मुलाखतीत कुणी 'त्या ॲपचं पुढे काय झालं?' विचारलंच, तर 'डिप्लॉयमेंट फेजमध्ये आहे' असं सांगा. समोरचा गालात हसला तर ओळखा, त्याच्या टीममध्ये पीपीटी त्यानेच केली होती. लगेच पगाराचा विषय काढा.