हळद, चुना आणि हेडसरांचा शर्ट

औंढ्याला पाहुणा आला की आम्ही त्याला आधी नागनाथाचं देऊळ दाखवतो आणि मग 'लायगो'बद्दल सांगतो. जवळच्या दुधाळा शिवारात चार-चार किलोमीटरच्या दोन हातांची वेधशाळा व्हायची आहे. दूर कुठे दोन कृष्णविवरं आदळली, तर प्रोटॉनच्या दहाहजाराव्या भागाएवढा हादराही ती टिपणार.

नववीच्या वर्गात मी हे छाती फुगवून सांगत होतो, तेव्हा माझ्या हातात लिटमसची डबी होती. पावसाळ्यात कपाटाला ओल धरली होती. डबीतला निळा कागद आणि तांबडा कागद सुखाने एकरंगी झाले होते. विश्वाचा हादरा मोजणाऱ्या गावात मला लिंबू आंबट आहे एवढंही सिद्ध करता येईना.

तसं बावीस वर्षं माझं काही अडलं नव्हतं. फळ्यावर समीकरण लिहायचं, 'समतोल करा' म्हणायचं आणि पोरांचा तोल जाताना बघायचं. 'संयुजा' हा शब्द ऐकून एका पालकांनी, धाकटीचं नाव हेच ठेवावं का, असं मनापासून विचारलं होतं.

तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, कागद कशाला पाहिजे? मायच्या लुगड्यावर हळद सांडली अन् साबण लावला की लालभडक होतंय की!"

हे पोरगं हळदवाल्याचं. हिंगोली जिल्ह्यात हळदीला तोटा नाही, वसमतच्या हळदीला तर भौगोलिक मानांकन आहे. काढणीनंतर याच्या घरी हळद शिजते, वाळते, पॉलिश होते. माझ्या तासाला हा झोपायचा, आणि आज त्याने मला जागं केलं.

मला विसोबा खेचर आठवले. नागनाथाच्या याच देवळात ते पिंडीवर पाय ठेवून पहुडले होते. नामदेव चिडले, तर विसोबा म्हणाले, जिथे देव नाही तिथे माझे पाय ठेव. नामदेव पाय नेतील तिथे पिंड, अशी कथा. मी मात्र रसायनशास्त्राला फळ्यावरच बसवून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी फर्मान काढलं, 'घरातून चिमूटभर काहीतरी आणा.' आजोबांची चुन्याची डबी आली, धुण्याचा सोडा, चुलीतली राख, ताक, चिंच, लिंबं आली. वहीच्या कागदांना हळदीचं पाणी फासून वाळवलं. चुना, सोडा आणि ओली राख लागली की कागद लाल, लिंबू-चिंच-ताकाला पिवळाच. हळदीतलं कर्क्युमिन आम्लात पिवळं राहतं, आम्लारीत तांबडं होतं, हे मग मला सांगावंच लागलं नाही. एक मुलगी म्हणाली, "म्हणजे आजी हळदीला चुना लावून कुंकू करते ते हेच?" हेच, बाई. बावीस वर्षं मी पोरांना चुना लावत होतो, तो कारणी आज लागला.

गलका ऐकून हेडसर आले. आदल्या दिवशीच्या पंगतीतल्या वरणाचा पिवळा डाग त्यांच्या पांढऱ्या शर्टावर, ऐन खिशाखाली. हळदवाल्याच्या पोराचे डोळे चमकले. मी 'अरे' म्हणेपर्यंत त्याने साबणाचं फडकं डागावर फिरवलं. हेडसर छातीत गोळी लागल्यासारखे लालभडक! शिपाई पाणी आणायला पळाला. पहिल्या बाकावरच्या हुशार मुलीने तेवढ्यात धीराने अर्धं लिंबू पिळलं आणि डाग पुन्हा पिवळा झाला. वर्ग एका सुरात ओरडला, "उदासिनीकरण!" हा शब्द मागच्या वर्षी निम्म्या वर्गाला लिहिता आला नव्हता.

हेडसर खाली बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "पुन्हा साबण लाव बरं."

तेव्हापासून माझी पद्धत अशी: आधी डाग, मग समीकरण. शिक्षकबंधूंनो, प्रयोगशाळेच्या अनुदानाची वाट जरूर पाहा, पण तोवर मुलांना स्वयंपाकघरात पाठवा. आमच्या प्रयोगाचा खर्च दोन लिंबं, चमचाभर हळद आणि साबणाचा तुकडा. शर्टाचा खर्च धरलेला नाही. धुऊन उन्हात टाकल्यावर तो पांढरा झाला. कर्क्युमिन उन्हात टिकत नाही, हेही हेडसरांनीच दुसऱ्या दिवशी वर्गात येऊन सांगितलं.