शिक्षेची बदली

समजा, सपाटीवरच्या एका शाळेत साहेबांच्या छडीनं पोराच्या पाठीवर वळ उठले. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ सांगतं, मुलाला मारायचं नाही, मनानंही छळायचं नाही. आणि मारलंच तर? सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई! म्हणजे ज्याच्या खात्याची छडी, त्याच खात्याची फाइल. फाइल फुगते, वर जाते, आणि शेवटी सुज्ञ शेरा पडतो: बदली करा. कुठे? अहो, कुठे म्हणजे काय, टाका तोरणमाळला.

अकराशे मीटरहून उंच जागा, यशवंत तलाव, सीताखाई, ढगात शिरणारा घाट. पर्यटक पैसे मोजून येतात त्या गावी साहेब मात्र ‘फेकले’ जातात. मार खाल्ला सपाटीवरच्या पोरानं, शिक्षा डोंगरावरच्या पोराला! त्याचा गुन्हा एवढाच की तो पावरी बोलतो. मातृभाषेत शिकवा असं कलम २९ म्हणतं खरं, पण ‘शक्य तितकं’. साहेबांना शक्य होत नाही, बिचारे आधीच रागावलेले असतात.

यातूनही कुणी कोर्टाची पायरी चढलाच, तर कलम ३७ उभं आहे: या कायद्यानुसार सद्भावनेनं केलेल्या कामाबद्दल कुणावर दावा चालणार नाही. आणि गुरुजींची छडी सद्भावनेशिवाय उठल्याचं कुणी ऐकलंय? आपण सगळे सद्भावना खाऊनच मोठे झालो.

दात आहेत ते पोक्सोला, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याला. हाताखालच्याचं असं कृत्य पोलिसांना न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद. ऑगस्ट २०२४मध्ये शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचारानंतर बदलापूरची माणसं रेल्वे रुळांवर उतरली, उच्च न्यायालयानं आपणहून दखल घेतली, मग संस्थेच्या पदाधिकाऱ्यांवरही गुन्हा नोंदला गेला. तोरणमाळला रूळ नाहीत. अडवायचं तर ढगच अडवावे लागतील.

तरी वाट आहे. शिक्षण हक्क कायद्याचं कलम ३२: स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार द्या, तीन महिन्यांत निकाल. पण पोराचा बाप गुजरातेत ऊस तोडायला गेलाय. तो परतेल, कुणाकडून तरी मराठीत अर्ज लिहून घेईल, घाट उतरून धडगावच्या कचेरीत पोचेल. तिथला कारकून आदरानं सांगेल, ‘बाबा, ते साहेब आता इथं नाहीत. विनंतीवरून सपाटीवर गेले.’