आधी संहिता दाखवा!

लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये २००४ साली डेव्हिड हेअरचं ‘स्टफ हॅपन्स’ लागलं. इराकवरच्या स्वारीचं नाटक. बुश, ब्लेअर, पॉवेल त्यात खऱ्या नावानिशी उभे होते. ब्लेअर तेव्हा पंतप्रधान होते आणि नॅशनल थिएटरला सरकारी अनुदान मिळतं. तरी प्रयोगाआधी सरकारकडून संहिता तपासून घ्यावी लागली नाही.

आता कल्याणला या. महापालिकेच्या आचार्य अत्रे रंगमंदिरात विद्यमान मुख्यमंत्र्यांचं पात्र, खऱ्या नावाने, दोन अंक बोलतंय, असं नाटक करायचंय म्हणा. पहिला प्रश्न येणार, ‘सेन्सॉर झालंय का?’ संहितेच्या प्रती काढा, रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवा, प्रमाणपत्राची वाट बघा. राज्य नाट्य स्पर्धेत उतरणाऱ्या हौशी संस्थाही यातून सुटत नाहीत.

नाटकावरचा सरकारी पहारा आपल्याला इंग्रजांनी लावला. १८७६चा कायदा त्यांचा. खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’त पात्रं सगळी महाभारतातली, पण कीचकात लॉर्ड कर्झन पिटातल्या प्रेक्षकाला दिसला, तसा सरकारलाही दिसला. १९१० मध्ये बंदी आली. पुढे इंग्लंडने स्वतःच्या घरातली पूर्वतपासणी १९६८ मध्ये मोडीत काढली. आपल्या केंद्र सरकारनेही १८७६चा कायदा २०१८ मध्ये पुसून टाकला. महाराष्ट्रातलं मंडळ मात्र जागच्या जागी. ‘सखाराम बाइंडर’ नाटकासाठी दिग्दर्शक कमलाकर सारंग कोर्टात लढले आणि जिंकले, त्याला पन्नास वर्षं झाली. अमोल पालेकरांना २०१६ मध्ये याच पूर्वतपासणीच्या अटीविरुद्ध पुन्हा उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली.

खरी कात्री चालते ती लेखकाच्या टेबलावर. आमदाराचं नाव ‘भाऊसाहेब’ होतं, पक्ष गायब होतो, कल्याणचं ‘रामपूर’ होतं. आपला पत्रीपूलच घ्या. जुना २०१८ मध्ये पाडला, नवा २०२१ मध्ये उघडला. मधली दोन वर्षं कल्याणकरांनी वाहतूक कोंडीत काढली. कंत्राटं, मुदती, पाहणी दौरे, श्रेयाची भांडणं, तयार नाटक आहे हे! पण संहितेत तो ‘एक पूल’ होणार, कारण मंडळात अडकलं तर तारीख जाईल. आणि रंगमंदिराला नाव कुणाचं? ‘मराठा’ दैनिकातून सत्ताधाऱ्यांवर नाव घेऊन तुटून पडणाऱ्या अत्र्यांचं.

नाटकात बदनामी असेल, चिथावणी असेल, तर प्रयोग झाल्यावर खटला भरायला कायदे भरपूर आहेत. आधी वाचून परवानगी देण्याचा अधिकार सरकारने सोडावा. कल्याण-डोंबिवलीतल्या नाट्यसंस्थांनी ही मागणी लेखी करावी. आणि प्रेक्षकहो, नाट्यगृहाच्या दुरुस्तीचं आश्वासन घेऊन उमेदवार दारात आला, की त्याला विचारा, प्रमाणपत्राची अट काढायला विधानसभेत बोलणार का?