नवस्वतंत्र वायरमनने स्वस्त माल कसा घ्यावा

कंत्राटदाराकडची नोकरी सोडून स्वतःच्या नावाचं व्हिजिटिंग कार्ड छापलं की वायरमनला दोन शोध लागतात. पहिला, कार्डावर 'प्रोप्रायटर' हा शब्द छापायला जादा पैसे पडत नाहीत. दुसरा, वायरला पडतात. आजवर वायर गोदामातून यायची. ती गोदामात कुठून यायची, कितीला यायची आणि तिचे पैसे कोण, कधी, किती रडून द्यायचं, हे प्रश्न मालकाचे होते. आता मालक तुम्हीच आहात. रडण्याचा मानही तुमचाच.

अशा बांधवांसाठी पुढील मार्गदर्शन तयार केले आहे. प्लंबर आणि रंगारी मंडळींनी वायरच्या जागी आपापला माल घालून वाचावे.

पायरी पहिली: बाजारात प्रवेश

पुण्यात विजेचा माल म्हणजे बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. मुंबईकरांनी इथे लोहार चाळ असे वाचावे. नवशिका वायरमन दुचाकी घेऊन जातो, सापडेल त्या फटीत ती लावतो, आठ दुकानं फिरून बंडलामागे चाळीस रुपये वाचवतो आणि परत येतो तेव्हा दुचाकी टोइंगच्या टेम्पोत चढलेली असते. तेव्हा दंड, रिक्षाभाडं आणि बुडालेला अर्धा दिवस मालाच्या किमतीत मिळवावा. येणाऱ्या आकड्याला 'होलसेल भाव' म्हणतात.

म्हणून आठवड्याची यादी एकदम करावी आणि बसने जावे. गणेशोत्सवात त्या भागातले रस्ते वाहनांना बंद होतात. त्या दिवसांचा माल आधीच भरून ठेवावा. तीन स्क्रू आणि एका होल्डरसाठी मात्र कोपऱ्यावरचं हार्डवेअरचं दुकानच जगातलं सर्वांत स्वस्त दुकान असतं, त्याचा भाव कितीही असो.

पायरी दुसरी: भाव विचारणे

"अडीच एमएमचा बंडल कितीला?" हे वाक्य काउंटरवर कधीही उच्चारू नये. ते ऐकताच शेठ तुम्हाला नवीन घर बांधणारे गृहस्थ समजतो, खुर्ची देतो, पाणी विचारतो. पाणी विचारलं की समजावं, भाव गेला.

जाणकार माणूस उभ्याउभ्या विचारतो, "अडीचला लिस्टवर किती सोडता?" कारण इथे कंपनीची छापील लिस्ट असते आणि तिच्यावर सूट असते. त्यातही गोम आहे. एका कंपनीची सूट 40 टक्के, दुसरीची 30, म्हणून पहिली स्वस्त, असा हिशेब शाळेत बरोबर धरतात. बाजारात पहिलीची लिस्टच फुगवलेली असू शकते. तेव्हा शेवटचा प्रश्न एकच: "नेट किती, जीएसटी धरून?"

यावर शेठ मान वर न करता म्हणतो, "आधी कुणाकडे होतात?"

तुम्हाला वाटतं, माणूस आपुलकीने चौकशी करतोय. तो भाव ठरवतोय. या व्यवसायाचं मूलतत्त्व इथेच सांगून टाकतो: भाव मालाला नसतो, गिऱ्हाइकाला असतो. त्याच काउंटरवर, त्याच मिनिटाला, तोच बंडल तीन माणसांना तीन भावांना जातो आणि तिघेही आपल्यालाच स्वस्त मिळाला म्हणून खुशीत पायऱ्या उतरतात.

पायरी तिसरी: अतिस्वस्त मालाचे शास्त्र

कधी ना कधी कुणीतरी बाजूला घेऊन सांगेल, "तोच माल आहे, फक्त खोका वेगळा." अशा वेळी घाबरू नये, वजनकाटा काढावा. घरगुती वायरिंगचा बंडल साधारण 90 मीटरचा असतो. दीड एमएमच्या बंडलात हिशेबाने 1.2 किलोच्या आसपास तांबं हवं, अडीचच्या बंडलात 2 किलोच्या. भंगारवाल्याकडे तांब्याचा आजचा भाव विचारावा आणि गुणाकार करावा. नवी कोरी वायर तिच्यातल्या तांब्याच्या भंगारापेक्षा स्वस्त मिळत असेल, तर दोनच शक्यता उरतात. एक तर शेठ संत आहे, नाहीतर आत तांबं नाही. संतांची दुकानं सहसा बाजारपेठेत नसतात.

लांबीही मोजून घ्यावी. खोक्यावर 90 छापायला आणि आत 90 मीटर भरायला वेगवेगळी यंत्रं लागतात. आयएसआयची खूण, आयएस 694 हा क्रमांक आणि सीएम/एलने सुरू होणारा परवाना क्रमांक पाहावा. हा परवाना खरा की खोटा हे बीआयएस केअर ॲपवर फुकटात कळतं. दुकानात उभं राहून ते ॲप उघडलंत तर शेठचा चेहरा वाचायला दुसरं ॲप लागत नाही.

खरा माल महाग का, असं विचारलंत तर उत्तर ठरलेलं आहे: "लंडनला तांबं वाढलं." हे खरंही असतं. तांब्याचा जागतिक भाव लंडनच्या धातू बाजारात ठरतो. मात्र तिथे तांबं उतरल्याची बातमी बुधवार पेठेत पोचायला बोटीने येत असावी.

पायरी चौथी: पक्कं की कच्चं

"बिल पाहिजे का?" हा प्रश्न शेठ ज्या सुरात विचारतो, त्या सुरात लोक "दुखतंय का?" असं विचारतात. कच्च्या कागदावर घेतलं तर वायर-स्विचवरचा 18 टक्के जीएसटी वाचल्यासारखा वाटतो. सेवा देणाऱ्याला साधारणपणे वर्षाची उलाढाल 20 लाखांपुढे जाईपर्यंत जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. नोंदणी नाही म्हणजे भरलेल्या कराची वजावटही नाही. तो कर तुमच्या खर्चातच बसतो, म्हणून मोह होतो.

पण तीन महिन्यांनी एमसीबी सारखी पडायला लागते, पंखा घरघरायला लागतो आणि तुम्ही वॉरंटी मागायला जाता. तेव्हा शेठ तो कच्चा कागद दोन्ही बाजूंनी पाहतो आणि प्रामाणिकपणे विचारतो, "हे अक्षर कुणाचं?"

पायरी पाचवी: उधारी

दुकानात 'आज रोख, उद्या उधार' ही पाटी असते. ती उधारी मागणाऱ्यांसाठी असते. ज्यांना मिळते, त्यांना मागावी लागत नाही. सुरुवातीचे काही महिने रोख घ्यावं, ठरलेल्या दिवशी जावं आणि यादी नीट लिहून न्यावी. एक दिवस यूपीआयचं यंत्र बंद असेल आणि शेठच म्हणेल, "राहू दे, नंतर दे." 'तुम्ही'चं 'तू' झालं की खातं उघडलं असं समजावं.

आता सावध राहावं. रोखीचा भाव वेगळा, उधारीचा वेगळा. महिन्याभराच्या उधारीला फक्त 2 टक्के जास्त, हे ऐकायला गोड वाटतं. वर्षाला ते 24 टक्के होतात. एवढ्या व्याजाचं कर्ज बँकेने देऊ केलं असतं तर तुम्ही मॅनेजरशी भांडला असता. इथे चहा पिऊन येता.

यावर उतारा एकच. काम सुरू करण्याआधी घरमालकाकडून मालापुरता आगाऊ पैसा घ्यावा. तो मागताना लाज वाटते, पण शेठसमोर तारीख पुढे ढकलताना त्याहून जास्त वाटते. बिल्डर किंवा मोठ्या कंत्राटदाराची कामं घेणार असाल तर 'उद्यम' नोंदणी करून ठेवावी. ती फुकट होते. 2006च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे नोंदणी केलेल्या लहान सेवादाराचे पैसे फार तर 45 दिवसांत द्यावे लागतात. हे वाक्य बिल्डरला एकदा सौम्यपणे ऐकवावे. तो हसेल. पण ते तुम्हाला माहीत आहे, हे त्याला कळतं.

पायरी सहावी: उरलेला माल

अंदाज कितीही चोख असो, काम संपताना चार बेंड, दोन जंक्शन बॉक्स आणि चुकीच्या रंगाच्या पाच मॉड्युलर प्लेटा उरतातच. त्या जो निमूटपणे परत घेतो, तो खरा स्वस्त दुकानदार. बंडलामागे तीस रुपये जास्त लावणारा पण उरलेलं परत घेणारा आणि संध्याकाळी सात वाजता फोन उचलून "पोराच्या हाती पाठवतो" म्हणणारा शेठ सोडून, तीस रुपयांसाठी गल्लीच्या दुसऱ्या टोकाला जाणाऱ्या वायरमनच्या घरी माळ्यावर एक अख्खं दुकान तयार होतं. फक्त त्याला गिऱ्हाईक नसतं.

पायरी सातवी: घरमालकासह खरेदी

ही सर्वांत अवघड पायरी. घरमालक म्हणतो, "मीही येतो बाजारात." तुम्ही दोघे काउंटरवर उभे. शेठ घरमालकाला चढा भाव सांगतो आणि तुमच्याकडे असं पाहतो की जणू आयुष्यात प्रथमच पाहतोय. या अनोळखी नजरेला बाजारात 'टक्केवारी' म्हणतात. ती नंतर तुम्हाला मिळते. शिवाय खोक्यातली कूपनं, स्कॅन केलेले पॉइंट, दिवाळीचा डबा आहेतच.

पण घरमालक रात्री मोबाइलवर भाव पाहतो आणि सकाळी शांतपणे सांगतो, "माल आम्हीच आणून देऊ, तुम्ही फक्त मजुरी सांगा." मग तो अतिस्वस्त माल आणतो, तो जळतो आणि वायरमन वाईट ठरतो.

यातून सुटायचा एक मार्ग आहे, पण तो इतका साधा आहे की शहाणी माणसं तो वापरत नाहीत. कोटेशनमध्ये माल वेगळा लिहावा, मजुरी वेगळी, आणि माल निवडून, आणून, उरलेला परत करण्याचे पैसे वेगळ्या ओळीत, उघड. बिलं घरमालकाच्या हाती द्यावीत. पहिल्यांदा तो ती ओळ पाहून घासाघीस करेल. शेजाऱ्याला फोन करून विचारेलही, "इतकं सरळ सांगतोय, म्हणजे नक्की कुठेतरी मारत असणार ना?" शेजारी अनुभवी असल्यामुळे "नक्कीच" म्हणेल. आणि पुढच्या वर्षी स्वतःच्या फ्लॅटचं वायरिंग काढलं की तोच शेजारी तुमचा नंबर मागेल.