कज्जेदारांस हितोपदेश

खेडचा घाट चढल्यावर आणि अवसरीचा घाट उतरण्यापूर्वी पुणे-नाशिक रस्त्यावर जे पेठ गाव लागते, त्याच्या शिवारात, किंबहुना जुन्नर-आंबेगावच्या कोणत्याही शिवारात, जमिनीपेक्षा बांध अधिक सुपीक आहे, असे आमचे नम्र मत आहे. कारण जमिनीत पीक येण्यास पाऊस लागतो, बांधावर कज्जा उगवण्यास दोन सख्खे भाऊ पुरतात. थोरल्याने दरसाल वीतभर बांध कोरावा, धाकट्याने प्रत्युत्तरादाखल वहिवाटीच्या वाटेवर बाभळीच्या काट्या टाकाव्या आणि उभयतांनी सातबाऱ्याची नक्कल छातीशी धरून घोडेगावची कचेरी गाठावी, हा क्रम सनातन आहे. ज्या आंबेगावाचे नाव तालुका मिरवतो ते गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले, पण कज्ज्यांचे दफ्तर मात्र कोरडे ठणठणीत राहिले.

अशा रसिकांच्या आनंदात कायद्याने काही अरसिक विघ्ने निर्माण करून ठेवली आहेत. त्यांपासून सावध करणे आमचे कर्तव्य होय. पहिले विघ्न 1906 च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाचे. शेताची वाट अथवा पाण्याचा प्रवाह कोणी बेकायदा अडविला आणि अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत तहसीलदारापुढे दावा गुदरला, तर तो स्थळपाहणी व जाबजबाब करून अडथळा दूर करण्याचा हुकूम देऊ शकतो. जाणत्या कज्जेदाराने म्हणून हे सहा महिने पारावर गर्जना करण्यात घालवावे आणि सातव्या महिन्यात मोठ्या वकिलाच्या पायऱ्या चढाव्या. त्यातही ज्याला मुळात वाटच नाही त्याने बांधावरून नवी वाट मागण्याचे कलम निराळे आहे, ते 1966 च्या जमीन महसूल संहितेतील 143 वे; अडविलेली जुनी वाट आणि मागितलेली नवी वाट या दोहोंची एकाच अर्जात खिचडी केली, म्हणजे अर्ज फेटाळला जाण्याची बरीच आशा बाळगता येते.

फेरफाराची नोटीस आली तर ती न वाचता देव्हाऱ्यामागे खोचावी. हरकत घेण्यास पंधरा दिवसांची मुदत असते आणि लेखी हरकत आली की मंडळ अधिकाऱ्यास सुनावणी घ्यावी लागते, ही माहिती मुदत टळल्यावर कळण्यातच खरी गोडी आहे. शिवाय फेरफार ही महसुलाची नोंद असून तिने मालकी सिद्ध होत नाही, मालकीचा वाद दिवाणी न्यायालयात न्यावा लागतो, हे सांगणाऱ्यास शत्रुपक्षाचा हेर समजावे.

सर्वांत घातक वस्तू म्हणजे तडजोड. लोकअदालतीत समेट झाला तर त्या निवाड्यास हुकूमनाम्याचे बळ येते, भरलेले न्यायालयीन शुल्क परत मिळते, आणि त्यावर अपीलच नाही. अपिलावाचून मनुष्याने म्हातारपण कशात घालवावे? 2023 साली शासनाने ‘सलोखा’ नामक योजना काढून याहून क्रौर्य केले. एकाच्या नावची जमीन दुसरा आणि दुसऱ्याच्या नावची पहिला, अशी बारा वर्षे उलटसुलट वहिवाट चालली असेल, तर हजार रुपये मुद्रांक शुल्क आणि हजार रुपये नोंदणी फी भरून अदलाबदल करता येते. एवढ्या रकमेत पिढीजात वैर विकायचे म्हणजे कुळाची अप्रतिष्ठाच!

तथापि आमच्या शिवारात सलोखा अगदीच अज्ञात आहे असे नव्हे. दिवाळीला माहेरी आलेल्या बहिणीस साडीचोळी देऊन हक्कसोडपत्रावर सही घेण्याचा प्रसंग आला, म्हणजे वर्षभर एकमेकांचे तोंड न पाहणारे हे बंधू एका ताटात जेवतात. 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हिस्सा मुलाइतकाच ठरविला, ही गोष्ट त्या ताटावर कोणी काढीत नाही, आणि कागद दुय्यम निबंधकाकडे नोंदविण्याची तत्परता तर अशी की तिच्या निम्म्याने बांध केव्हाच सरळ झाला असता. आता त्या माउलीस कोणी सांगितलेच की 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाप्रमाणे स्त्रीस, तिचे उत्पन्न कितीही असो, सरकारखर्चाने वकील मिळतो, त्याकरिता तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज केला तरी पुरे किंवा 15100 या क्रमांकावर दूरध्वनी केला तरी चालते, आणि तिने वाटपाचा दावा खरोखरच ठोकला, तर पुढल्या तारखेस हे दोघे बंधू एकाच मोटारसायकलवरून, एकच वकील करून, घोडेगावात उतरलेले दिसतील.